गुळवेल: ओळखायची कशी, तोडायची कुठून, द्यायची किती

रानवाट (धागाकर्ते):

गुळवेलीवर इथे तुकड्यातुकड्यांनी बरंच लिहून झालंय. ओळख एका धाग्यात, काढ्याचं प्रमाण दुसऱ्यात, आणि कुणाला देऊ नये हे तिसऱ्याच कुठल्या तरी प्रतिसादात. शोधणाऱ्याला अर्धंच हाती लागतं आणि तो तेवढ्यावर कामाला लागतो. म्हणून हा एकच धागा. जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तिथे दुरुस्त करावं.

सुरुवात ओळखीपासून. पान हृदयाच्या आकाराचं असतं हे सगळ्यांना माहीत असतं, आणि फसगतही तिथूनच सुरू होते, कारण तसल्या पानांच्या वेली रानात पुष्कळ. पान राहू द्या, खोड बघा. जून खोडावर कागदासारखी पातळ, करडी-तपकिरी साल असते. अंगठ्याने चोळली की तिचा पापुद्रा सुटतो आणि आतलं हिरवंगार, ओलसर अंग दिसतं. सालीवर बारीक ठिपक्यांसारखे उंचवटे असतात, पण मोठ्या चामखिळी हाताला लागत नाहीत. मग धारदार सुरीने खोड आडवं कापा. मधोमध निघून कडेपर्यंत गेलेले आरे दिसतील, दहा-बारा किंवा त्याहून जास्त, हुबेहूब गाडीचं चाक. संस्कृतात हिला चक्रलक्षणिका म्हणतात ते यावरूनच. आऱ्यांच्या मधली फिकट जागा पिठूळ असते. सत्व, म्हणजे वेलीचं पांढरं पिठूळ सार, निघतं ते तिथून.

तिसरी खूण मुळ्यांची. उंच फांद्यांवरून दोऱ्यासारख्या बारीक मुळ्या सरळ खाली लोंबत येतात, कधी कधी पार जमिनीला टेकतात. पान दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, देठ लांब, बुडाशी थोडा फुगीर आणि पीळ पडलेला. उन्हाळ्यात पानं झडतात आणि त्याच सुमारास पिवळसर-हिरवी बारीक फुलं येतात. नर आणि मादी वेल वेगळे असतात. त्यामुळे एखाद्या वेलीला वर्षानुवर्षं फळ धरलं नाही म्हणून ती गुळवेल नव्हे असं समजू नका. मादी वेलीची फळं मटाराएवढी, पिकली की लालभडक.

चाक, पापुद्रा आणि लोंबत्या मुळ्या, या तिन्ही खुणा जुळल्याशिवाय तोडू नये.

पानझड:

चांगलं मांडलंय. गफलत कुठल्या वेलींशी होते ते नावानिशी लिहितो.

वासनवेल. हिची कोवळी पानं आणि फांद्या मऊ लवेने भरलेल्या, खोड बारीक, फळं जांभळट काळी. पानं पाण्यात चुरगळून तो रस थोडा वेळ ठेवला तर जेलीसारखा थिजतो. हीसुद्धा औषधी आहे, पण गुळवेलीची जागा घेणारी नव्हे.

पहाडवेल. हिच्या पानाचा देठ अगदी काठाला न जुळता थोडा आत, पानाच्या पाठीला चिकटतो. पान उलटं करून बघा, लगेच कळतं. खोड सुतळीसारखं.

आणि सगळ्यात महत्त्वाची, टिनोस्पोरा क्रिस्पा. ही गुळवेलीची (टिनोस्पोरा कॉर्डिफोलियाची) सख्खी बहीण. पान जवळजवळ तसंच, गुळगुळीतच, म्हणून पानावरून सुटका नाही. फरक खोडावर: अंगभर ठसठशीत गाठी आणि फोड, हात फिरवला तरी खडबडीत टोचतात. कापल्यावर दुधाळ चीक येतो. गुळवेलीतून येतो तो पाणीदार, किंचित बुळबुळीत रस. रोपवाटिकांमधून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून फांद्या इकडून तिकडे गेल्या, त्यात ही वेल 'गुळवेल' म्हणून बऱ्याच कुंपणांवर पोचली आहे. आयुष मंत्रालयानेही या दोन वेलींमधला फरक जाहीर निवेदनातून सांगितला होता.

तिसरी एक जात टिनोस्पोरा सायनेन्सिस. तिच्या पानाच्या पाठीला दाट लव असते. गुळवेलीच्या पानाला लव नसते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

काष्ठौषधी:

काढ्याचं लिहितो, कारण घरोघरी सर्वांत जास्त तोच होतो आणि त्यातच सर्वांत जास्त चुका होतात.

आयुर्वेदिक फार्माकोपियात (औषधांच्या अधिकृत प्रमाणग्रंथात) गुळवेलीची मात्रा चूर्णासाठी ३ ते ६ ग्रॅम आणि काढ्यासाठी २० ते ३० ग्रॅम दिलेली आहे, दिवसाची. मोठ्या माणसाची. तर्जनीएवढ्या जाडीचा, आठ बोटं लांबीचा ओला तुकडा साधारण २० ते २५ ग्रॅम भरतो. पण जाडी कमी-जास्त झाली की वजन झपाट्याने बदलतं. करंगळीएवढा तुकडा तेवढ्याच लांबीचा घेतला तर निम्म्याच्या आसपास येतो. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा वापरा, 'एक कांडी' हे माप सोडून द्या.

कृती अशी. २० ग्रॅम ओली गुळवेल धुऊन, वरचा पापुद्रा चोळून काढायचा. बोटाच्या पेराएवढे तुकडे करून खलबत्त्यात ठेचायचे. तंतू मोकळे झाले पाहिजेत, नुसते तुकडे उकळून अर्क नीट उतरत नाही. सोळापट पाणी, म्हणजे ३२० मिली. भांडं स्टीलचं किंवा मातीचं. झाकण न ठेवता मंद आचेवर ८० मिली उरेपर्यंत आटवायचं. गाळून ४० मिली सकाळी, ४० मिली संध्याकाळी, तोही त्याच दिवशी. उरलेला काढा दुसऱ्या दिवशी गरम करून देऊ नये, उन्हाळ्यात तो रात्रीतून आंबतो. मध घालायचा असेल तर काढा कोमट झाल्यावर.

मोठ्या आचेवर दहा मिनिटांत पाणी उडवलं तर रंग येतो पण कस उतरत नाही. उलट पाणी कमी घेऊन दाट केला तर मळमळ होते आणि लोक म्हणतात 'गुळवेल पचत नाही'.

ओलीकाठी:

यात एक भर. सर्वसाधारण नियम असा की वाळलेल्या वनस्पतीऐवजी ओली घेतली तर वजन दुप्पट घ्यायचं. गुळवेल या नियमाला अपवाद आहे. शार्ङ्गधर या जुन्या आयुर्वेद ग्रंथकाराने गुळवेल, अडुळसा, शतावरी, अश्वगंधा अशी एक यादीच दिली आहे: या कायम ओल्याच वापराव्यात आणि ओल्या आहेत म्हणून दुप्पट करू नयेत. बरेच जण हा अपवाद विसरतात आणि मात्रा आपोआप दुप्पट होते.

शिवाय ओली ठेवणं अवघडही नाही. तोडलेली कांडी सावलीत, वारा लागेल अशी टांगून ठेवली तर आठवडे टिकते. काही दिवसांनी वरच्या टोकाजवळच्या पेरातून पोपटी कोंब फुटतो, खालच्या बाजूने पांढरा दोरा सुटायला लागतो, माती नाही, पाणी नाही. छिन्नरुहा (कापली तरी रुजणारी) हे तिचं संस्कृत नाव असं डोळ्यांसमोर खरं होतं. कांडीवर सुरकुत्या पडल्या आणि दाबल्यावर पोकळ लागली की मात्र ती काढ्याला घेऊ नये.

शेवंता:

सगळ्यांना नमस्कार. काढ्यापेक्षा सौम्य प्रकार म्हणजे हिम, तो कुणी लिहिला नाही म्हणून लिहिते. अंगात कडकी, हातापायांची आग, तोंड येणं, लघवीला जळजळ अशा तक्रारींना जुन्या बायका काढा न देता हिमच देत. २० ग्रॅम ठेचलेली गुळवेल रात्री सहापट, म्हणजे १२० मिली पाण्यात भिजवायची. भांडं काचेचं किंवा मातीचं, वर फडकं. सकाळी हाताने कुस्करून, गाळून, थोडी खडीसाखर घालून घ्यायचं. उकळायचं नाही. पाणी आधी उकळून गार केलेलं असावं आणि भिजवण रात्रभरच ठेवावं. सकाळचं राहिलं आणि दुपारी बघितलं तर वर फेस आलेला असतो. तो फेकायचाच.

अनुपानाचं, म्हणजे औषध कशाबरोबर घ्यायचं ते, जुन्या निघंटूंमध्ये (औषधी वनस्पतींच्या कोशांमध्ये) सुरेख सांगितलंय: वाताला तुपाबरोबर, पित्ताला साखरेबरोबर, कफाला मधाबरोबर, मलावरोधाला गुळाबरोबर, वातरक्ताला एरंडेलाबरोबर आणि आमवाताला सुंठीबरोबर. खेड्यापाड्यांत सांधे धरले की गुळवेल-सुंठीचा काढा देतात तो याच परंपरेतला. २० ग्रॅम गुळवेलीला २ ग्रॅम सुंठ पुरते. पित्ताची प्रकृती असेल तर सुंठ आणखी कमी.

माळरान:

कडुनिंबावरचीच गुळवेल घ्यावी, बाकीची फुकट, असं सर्रास सांगितलं जातं. यावर जाणकारांचं मत काय?

पानझड:

माळरान, गुळवेल परजीवी नाही. अमरवेल दुसऱ्या झाडात शोषकं घुसवून रस ओढते, बांडगूळ फांदीतच रुजतं. गुळवेलीची मुळं स्वतःची, जमिनीत, आणि झाड तिला फक्त आधाराला लागतं. त्यामुळे निंबाचा कडू रस वेलीत उतरतो म्हणून ती जास्त गुणकारी, हे कारण वनस्पतिशास्त्राला धरून नाही. आंब्यावरची, बाभळीवरची, तारेच्या कुंपणावरची निरोगी जाड वेल तितकीच वापरण्याजोगी.

काष्ठौषधी:

इथे मी थोडा वेगळा आहे. निंबावरची गुळवेल उत्तम ही परंपरा मी मोडणार नाही, वैद्य ती पिढ्यानपिढ्या पाळत आले आहेत. पण ती नाही मिळाली म्हणून बाजारातली वर्षभर जुनी, भुसा झालेली पूड घेणं हा उलटा व्यवहार झाला. समोर दिसणारी, ओळख पटलेली ओली वेल केव्हाही बरी.

एक नियम मात्र दोघांनाही मान्य व्हावा: काजरा, कण्हेर, रुई, शेर अशा विषारी किंवा चिकाच्या झाडांवरची वेल तोडू नये. विष वेलीत उतरतं म्हणून नव्हे. तोडताना त्या झाडाची साल, चीक, पानं मोळीत येतात आणि ठेचल्यावर वेगळी करता येत नाहीत. रस्त्याकडेची, गटारालगतची, फवारणीच्या शेताच्या बांधावरची वेलही वर्ज्य.

पानझड:

मान्य. या कारणाने तो नियम पटतो.

रानवाट:

आता सत्वाकडे येऊ. ओलीकाठी, कृती तुम्ही लिहाल का?

ओलीकाठी:

लिहितो, सविस्तर, कारण यात घाई चालत नाही.

वेळ: पानं झडल्यापासून पावसाच्या आधीपर्यंत. पानं नसताना पिष्ट (स्टार्च) खोडात साठलेलं असतं. पावसाळ्यात वेल पालवते, तेव्हा खोडात पाणी आणि बुळबुळीतपणा जास्त, सत्व कमी, आणि वाळवताना बुरशी येते ती वेगळीच. खोड अंगठ्याएवढं जाड हवं. बारीक फांद्यांतून कष्टाच्या मानाने काहीच मिळत नाही.

वेल धुऊन पापुद्रा पूर्ण काढायचा. तो राहिला तर सत्व मातकट होतं. दोन-तीन इंचांचे तुकडे करून लाकडी मोगरीने ठेचायचे. लोखंडी खल नको, काळपट रंग येतो. चौपट स्वच्छ पाण्यात बारा तास भिजवायचं. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर आंबूस वास सुटतो, आणि तो वास नंतर कितीही धुतलं तरी जात नाही. मग दोन्ही हातांनी तंतू पाण्यातच चोळायचे. पाणी दुधाळ होत जातं. चोथा पिळून बाजूला, पाणी दुहेरी सुती कापडातून गाळून पसरट भांड्यात चार-पाच तास न हलवता ठेवायचं.

भांडं कलतं करून वरचं पाणी हळूच काढलं की तळाला दोन थर दिसतात: वर करडा, चिखलासारखा सैल, आणि त्याखाली पांढरा, घट्ट बसलेला. करडा थर चमच्याच्या पाठीने अलगद सरकवून काढायचा. पांढऱ्या थरावर ताजं पाणी घालून ढवळायचं, पुन्हा बसू द्यायचं, पुन्हा निथळायचं, असं दोन-तीनदा. शेवटी ताटात पातळ पसरून, वर मलमल टाकून कोवळ्या उन्हात वाळवायचं. जाड थर ठेवलात तर वरून कोरडं, आतून ओलं राहतं आणि डबीत भरल्यावर आठ दिवसांत कुबट होतं. नीट वाळलेलं सत्व चिमटीत दाबलं की करकरतं.

एक किलो ओल्या वेलीतून २० ते ४० ग्रॅम. याहून खूप जास्त निघालं असं कुणी सांगितलं तर विचारायला हवं की त्यात काय मिसळलं.

माळरान:

भेसळ ओळखायला आयोडीन टाकून बघतात, निळं झालं तर भेसळ, असं वाचलंय.

ओलीकाठी:

चुकीची चाचणी. गुळवेल सत्व स्वतःच मुख्यतः पिष्ट आहे, तेव्हा अस्सल सत्वही आयोडीनने निळंच होणार. बटाट्याचं पीठ किंवा आरारूट मिसळलेलंही निळंच. फरक दिसतो तो सूक्ष्मदर्शकाखाली: बटाट्याचे पिष्टकण गुळवेलीच्या कणांपेक्षा कितीतरी मोठे असतात. कडू चवीवरूनही खात्री होत नाही. नीट धुतलेलं अस्सल सत्व जेमतेम कडवट असतं आणि भेसळवाले पिठात थोडा गुळवेलीचा अर्क घालून कडूपणा आणू शकतात. खात्री हवी तर स्वतः करावं.

काष्ठौषधी:

यातून निघणारी एक गोष्ट फार थोडे जण बोलतात. कडू द्रव्यं पाण्यात विरघळतात. म्हणजे सत्व करताना आपण निथळून ओततो त्या पाण्यात गुळवेलीचा बराच कस निघून जातो आणि हातात राहतं ते मुख्यतः पिष्ट. सत्व दाह, आम्लपित्त, आजारानंतरचा अशक्तपणा यांत अर्धा ते एक ग्रॅम दूध-साखरेबरोबर देतात, त्याची जागा आहे. पण तापाला आणि सांध्यांना सत्व देऊन काढ्याचं काम होईल ही अपेक्षा चुकीची.

म्हणून पहिलं निथळलेलं पाणी टाकू नका. त्याच दिवशी गाळून जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर आटवा. पाकाइतकं झालं की सतत ढवळा, इथेच ते खाली लागतं, आणि जळकट वास आला की सगळं वाया. पळीला चिकटायला लागलं की उतरवून ताटात उन्हात घट्ट होऊ द्या. हा गुळवेल घन. संशमनी वटी याच घनाची बनते. मात्रा २५० ते ५०० मिलीग्रॅम, दिवसातून दोनदा. लक्षात घ्या, वजनाने घन चिमूटभर दिसतो पण तो आटवलेला अर्क आहे. चूर्णाच्या मापाने घन घेऊ नका.

शेवंता:

आता यकृताचं लिहायलाच हवं, नाहीतर धागा अपुरा राहील.

करोनाच्या काळात लोकांनी महिनोन् महिने रोज गुळवेल घेतली, कुणी काढा, कुणी गोळ्या, कुणी दोन्ही. २०२१ मध्ये मुंबईतल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेचा अहवाल वैद्यकीय नियतकालिकात आला. वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. पुढे २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांमधल्या ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. चित्र असं दिसतं की इजा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने यकृतावर हल्ला केल्यासारखी होती, आणि काही रुग्णांना थायरॉइडसारखे आजार आधीपासून होते.

काष्ठौषधी:

शेवंताताई, हे लिहिलंत ते बरं केलंत. क्रिस्पाची सरमिसळ हे एक कारण असू शकतं, पण सगळा दोष तिच्यावर ढकलून मोकळं होणं मला पटत नाही. गुळवेल प्रतिकारशक्तीला चेतवते हा तिचा गुण आपणच सांगतो. मग ज्याची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली आहे त्याला ती त्रास देणार, हे त्याच गुणाचं दुसरं अंग आहे.

म्हणून कुणी टाळावी ते स्पष्ट लिहितो. स्वप्रतिकार आजार असलेले: ल्युपस, स्वप्रतिकार यकृतदाह, थायरॉइडचा तसा आजार. अवयव प्रत्यारोपण झालेले किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे. आधीच यकृताचा विकार असलेले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका. संधिवाताच्या बाबतीत फार जपून: आमवाताला गुळवेल-सुंठ सांगितली आहे हे खरं, पण रक्ततपासणीत ऱ्हुमॅटॉइड निघालेला आणि त्याची औषधं चालू असलेला रुग्ण वैद्य आणि डॉक्टर दोघांना सांगितल्याशिवाय घेऊ नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, तेव्हा साखर मोजत राहावं. शस्त्रक्रिया ठरली असेल तर दोन आठवडे आधी बंद.

आणि मुदत. घरच्या घरी सात दिवस, फार तर चौदा. 'रोज सकाळी रिकाम्या पोटी, कायमची' ही सवय परंपरेत नव्हती. त्यापुढे द्यायची तर वैद्याच्या नजरेखाली.

घेत असताना भूक मेली, मळमळ, अंगाला खाज, लघवी गडद पिवळी किंवा चहाच्या रंगाची, डोळे पिवळट, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बंद करून यकृताची रक्ततपासणी करायची. कावीळ झाली म्हणून गुळवेल वाढवणं ही यातली सगळ्यात घातक चूक. वेल घेत असताना आलेली कावीळ वेलीनेच आलेली असू शकते. डॉक्टरांना गुळवेल घेत होतो हे आपणहून सांगावं, किती दिवस आणि कुठल्या रूपात तेही.

रानवाट:

तापाबद्दलही दोन ओळी हव्यात. जुनाट, बारीक, रेंगाळणाऱ्या तापात गुळवेलीचं नाव पहिलं, पण तो ताप कशाचा हे आधी कळलं पाहिजे. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांचा ताप काढ्याने थोडा उतरतो आणि तपासणी लांबते. तीन दिवसांत ताप गेला नाही, किंवा आधीच अंगावर पुरळ, पोटात कळा, लघवी कमी, ग्लानी असं दिसलं तर रक्त तपासायचं. लहान मुलांना घरच्या घरी काढा देऊच नये.

माळरान:

तोडणी आणि लागवड राहिली. वेल मुळापासून उपटणारे पाहिले की जीव कळवळतो.

पानझड:

जमिनीपासून हातभर उंचीवर धारदार कोयत्याने तिरका काप द्यायचा आणि खालचं खोड राखायचं, त्यातून पुन्हा फुटतं. झाडावर चढलेल्या वेलीचे सगळे वाढे एकदम घेऊ नयेत, एक-दोन कायम सोडावेत. लोंबणाऱ्या मुळ्या ओढू नयेत. खालचं खोड तुटलं तर त्याच जमिनीत पोचून वरच्या वेलीला जगवतात. पिकलेल्या फळांच्या काळात मादी वेलीला हात न लावलेला बरा, पाखरं बी पसरवतात.

लागवडीला पेन्सिल ते बोटाएवढ्या जाडीची, वीतभर लांबीची, दोन-तीन पेरांची कांडी घ्या. मे अखेर ते जून उत्तम. एक पेर मातीत, बाकी वर. पाणी निचरणारी जागा हवी. साचलं तर पुरलेलं टोक काळं पडून मऊ होतं, आणि ते कळतं उशिरा, कारण वरचा कोंब साठवणीवर पंधरा दिवस हिरवा राहतो. आधाराला निंब, शेवगा, पांगारा काहीही चालेल. आधाराचं झाड लहान असेल तर गुळवेल त्याला झाकून टाकते, तेव्हा दोन पुरुष उंचीच्या झाडाखालीच लावा.

ओलीकाठी:

कांडी उलटी लावली जाऊ नये म्हणून तोडतानाच वरचं टोक सरळ आणि बुडाचं टोक तिरकं कापायचं. घरी येईपर्यंत मोळीत सगळ्या कांड्या सारख्याच दिसतात. तिरकं टोक मातीत.